झेंड्याखाली अडकलेला बांबू

मी बांबू बोलतोय. जे सांगेन ते खरंच सांगेन. एक शब्द खोटा निघाला तर जागच्या जागी मधोमध मोडेन. तसा मी एकदा मोडलोही होतो. नाही, चुकलो, तो माझा भाऊ. आणि खरं सांगायचं तर मी बांबूही नाही. माझ्या अंगात बांबूची काडीसुद्धा सापडणार नाही. मी काचेच्या धाग्यांचा, भट्टीत भाजलेला, आतून पोकळ. पण ज्या खेळासाठी मी जन्मलो त्याला बांबूउडी म्हणतात, म्हणून मी बांबू. एवढं सोडलं तर बाकी सगळं खरं.

माझा जन्म झाला तेव्हा विजा चमकत होत्या. म्हणजे कारखान्यातली एक ट्यूबलाइट फडफडत होती. दोन बायका गप्पा मारत लोखंडी नळीवर कापड गुंडाळत होत्या. त्यांच्या गप्पांचा विषय कुणाची तरी नणंद होता आणि ती संपेपर्यंत मी तयार झालो. मग एका जाड्या माणसानं मला दोन टेकूंवर आडवा ठेवला, माझ्या पोटाला वजन टांगलं, मी किती वाकतो ते पाहिलं आणि माझ्या अंगावर आकडा लिहिला. म्हणजे किती वजनाचं माणूस मी पेलणार ते. माणसांची लग्नंही अशी आधी वाकवून बघून ठरवली असती, तर निम्मी भांडणं मिटली असती.

माझं नशीब चांगलं. माझी गाठ ताईशी पडली.

ताई म्हणजे आमच्या देशातली एकुलती एक बांबूउडीवाली. वयानं मोठे असलेलेही तिला ताईच म्हणत. आमचा देश लहान. सगळे खेळाडू एका बसमध्ये मावतात आणि तरी मागची सीट रिकामी राहते. सरावाला एक पत्र्याची शेड होती. पडायला मऊ गादी हवी, ती विकत कुठून आणणार? ताईच्या आईनं जुन्या गाद्यांचा फोम ताडपत्रीत भरून स्वतः शिवला होता. ताई वरून पडली की त्या गादीतून "हुश्श" असा आवाज यायचा आणि आई दारातून ओरडायची, "टाके उसवले तर तूच शिवायचे हं!"

आम्ही बांबू तीन भावंडं. धाकटे दोघं मऊ, सरावापुरते. मी थोरला, ताठ. मोठ्या उंचीला मीच लागायचो.

पण मोठी स्पर्धा आणि आम्ही, यांचं काही जमत नव्हतं. मागच्या महास्पर्धेला, जिथे देशोदेशीचे सगळ्या खेळांतले खेळाडू जमतात, तिथे ताई पोचली आणि आम्ही विमानतळावरच राहिलो. एवढी लांब वस्तू बसत नाही म्हणाले. या खेळात एक चांगली रीत आहे: ज्याच्याकडे बांबू नाही त्याला दुसरा आपला देतो, मग तो प्रतिस्पर्धी का असेना. ताईलाही एकीनं दिला. पण तो होता दांडग्या बाईचा. ताईच्या वजनानं तो वाकेचना. मिळालेल्या तिन्ही संधींत त्यानं तिला उचललं आणि आली तशी परत धावपट्टीवर आणून ठेवलं. पहिलीच उंची पार झाली नाही, म्हणून तिच्या नावापुढे आडवी रेघ पडली.

घरी आल्यावर शेजारची काकू म्हणाली, "काय गं, उडायला गेलीस नि चालत आलीस?"

काकूचं सोडा. पण खेळसंघाचे अध्यक्षही म्हणाले, "आणखी एकदा संधी देतो. या वेळीही रेघच आली तर आपल्याकडची बांबूउडी बंद. ती शेड आपण गाड्या लावायला घेऊ." त्या संध्याकाळी ताईनं गादीचे सगळे टाके नव्यानं घातले.

म्हणून पुढच्या महास्पर्धेला आम्हाला वेळेवर पोचवायचं काम खुद्द संघाच्या व्यवस्थापकांनी अंगावर घेतलं. या गृहस्थांचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता: पांढरी चिकटपट्टी. बॅग फाटली, चिकटपट्टी. बूट उसवला, चिकटपट्टी. एकदा तर त्यांनी चष्म्याची दांडी चिकटवताना थोडा कानही चिकटवला होता. सगळे त्यांना चिकटपट्टीसाहेब म्हणत. फक्त त्यांनाच ते ठाऊक नव्हतं.

साहेबांनी आम्हा तिघांना एका लांब नळकांड्यात भरलं. आत थोडी जागा उरली, म्हणून त्यात उद्घाटनाच्या संचलनात मिरवायची झेंड्याची काठीही सारली. साहेबांचं मत असं की देश लहान असला तरी काठी मोठी हवी. त्यामुळे ती बेटी माझ्याएवढीच लांब होती. आणि ओरखडे नकोत म्हणून त्यांनी चौघांनाही नखशिखांत पांढरी पट्टी गुंडाळली. आईनंही ओळखलं नसतं, कोण काठी नि कोण बांबू!

व्हायचं तेच झालं. उद्घाटनाच्या वेळी मैदानात शिरायच्या बोगद्यात अंधार, पुढच्या देशाचं नाव पुकारलं गेलेलं, साहेबांची धांदल. त्यांनी नळकांड्यात हात घातला, पहिला हाताला लागला तो मी. त्यांनी भराभर गाठी मारून, वर पट्टी गुंडाळून माझ्यावर झेंडा चढवला आणि मला पैलवानाच्या हातात दिलं.

पैलवान म्हणजे आमचा भारोत्तोलक, त्या दिवसाचा ध्वजवाहक. मान अशी की टाय बांधायला दोन टाय लागले. मी बोंबलणार होतो, पण तेवढ्यात आम्ही उजेडात आलो. लाखभर माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत, डोक्यावर देश फडफडतोय. खोटं कशाला बोलू? मी गप्प बसलो. छाती नसताना ती फुगली. अशा वेळी "माफ करा, मी तो नव्हेच" असं तुम्ही म्हणाला असतात का?

ताई तेव्हा खोलीवर पाय उंच करून टीव्ही बघत होती. दोन दिवसांवर उडी आलेली, मग उगाच उभं राहून पाय कोण दुखवणार? सोबत चिमणी होती. चिमणी म्हणजे आमची जिम्नॅस्ट. अंगानं एवढीशी, पण तोंड एक मिनिटही बंद नाही.

"ताई, बघ ना, आपला झेंडा किती छान डुलतोय!"

ताई ताडकन उठून बसली. "झेंडा डुलतोय ते ठीक आहे. काठी का डुलतेय?"

"म्हणजे?"

"अगं काठी कधी अशी वाकते का? तो माझा बांबू आहे!"

संचलन संपलं. आम्हा सगळ्या झेंड्यांना मैदानाच्या कडेला ओळीनं खोबणीत रोवलं. ताई धावत आली तोवर तिथे एक बाई उभ्या होत्या. करडे केस, गळ्यात शिट्टी. सगळे झेंडे त्यांच्या ताब्यात. मी त्यांना झेंडेबाई म्हणतो.

"लावलेला झेंडा समारोपापर्यंत खाली येत नाही," झेंडेबाई म्हणाल्या. "कोणाचाच नाही."

"पण तो झेंडा नाही हो, बांबू आहे माझा," ताई म्हणाली.

"वर झेंडा आहे ना? मग झालं."

साहेब हात जोडत म्हणाले, "बाई, चूक माझी आहे. पहिली उंचीच इथे अशी ठेवलीय की धाकटे बांबू तिथवर पोचत नाहीत. हिला हा मिळाला नाही तर पुन्हा रेघ. मग घरी शेडसुद्धा राहणार नाही हो."

बाईंना वाईट वाटलं, दिसत होतं. पण त्या म्हणाल्या, "एकाचा खाली घेतला तर उद्या दुसरा म्हणेल, आमचा धुवायचाय. झेंडा खाली येणार नाही."

दोन दिवस मी तिथेच उभा. समोर धावपट्टी, तिच्या टोकाला उडीची गादी, आणि मी मानकऱ्यासारखा निरुपयोगी. लोक माझ्याबरोबर फोटो काढत होते. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ताई धाकट्यांना घेऊन सरावाला आली, माझ्याकडे न बघता गेली, आणि मला तो मान नकोसा झाला.

स्पर्धेच्या सकाळी मैदान रिकामं असताना आमची अख्खी बस येऊन उतरली. सगळ्यांच्या पुढे चिमणी.

"बाई, झेंडा खाली यायला नको, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग खाली कोण आणतंय? तो वरच राहील. मी धरते."

"तू? तू माझ्या शिट्टीएवढी आहेस."

"मी एकटी नाही. पैलवानदादा, ये रे."

पैलवान माझ्या शेजारी येऊन बसला, हाताला खडूची पूड चोळली. चिमणी त्याच्या तळहातांवर उभी राहिली. एक श्वास घेऊन त्यानं तिला आधी खांद्यापर्यंत, मग सरळ डोक्याच्या वर उचललं. वर चिमणीनं हात ताणले आणि झेंड्याची कड दोन्ही मुठींत धरली. देश जिथे होता तिथेच राहिला. खाली मी उरलो, मोकळा व्हायला.

पण मोकळा होतो कसला! साहेबांची चिकटपट्टी ती. ताई शिडीवर चढून नखांनी ओढत होती, दातांनी ओढत होती, पट्टी काही सुटेना.

"साहेब, किती वेढे मारलेत हो?"

"वारा होता ना, म्हणून जरा जास्तच..."

वर चिमणीचं तोंड चालूच होतं. "दादा, दमलास का रे? माझं वजन वाढलंय का? काल मी खीर खाल्ली होती, पण थोडीच. इथून समुद्र दिसतो का रे? नाही दिसत. तिकडे कुणीतरी..."

"ताई, लवकर कर," पैलवान दातओठ खात म्हणाला. "वजनांचा बारबेल निदान गप्प असतो."

त्याची स्वतःची स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती. त्याचे दंड थरथरायला लागलेले मला स्पष्ट दिसत होते. झेंडेबाई शिट्टी तोंडाशी धरून झेंड्याकडे बघत होत्या. तो बोटभर खाली आला असता तर त्यांना ती वाजवावीच लागली असती. त्यांनी एकदा पैलवानाकडे पाहिलं, एकदा ताईच्या रक्ताळलेल्या बोटांकडे. मग शिट्टी सोडली, पर्स उघडली आणि आतून नखं कापायची कात्री काढून ताईच्या हातात दिली.

"मी झेंडा बघतेय," त्या म्हणाल्या. "खाली काय चाललंय ते मला दिसत नाही."

मी सुटलो. माझ्या जागी खरी काठी उभी राहिली, झेंडा तिला बांधला, चिमणी उडी मारून खाली आली आणि पैलवान जमिनीवर आडवा झाला. सगळ्यात जोरात टाळ्या कोणी वाजवल्या म्हणता? मी नाव घेणार नाही, पण त्यांच्या गळ्यात शिट्टी होती.

दुपारी मैदान भरलं. पहिल्या प्रयत्नाला ताई धावली आणि उडीच मारली नाही, तशीच पुढे निघून गेली. मनात मागची रेघ होती. दुसऱ्यांदा उडाली, पण तिचा गुडघा वरच्या आडव्या बारला लागून तो खाली पडला. तिसरा प्रयत्न. मागच्या वेळी जिनं बांबू दिला होता ती दांडगी बाईही इथे होती, ती पुढे येऊन म्हणाली, "एक पाऊल मागून सुरू कर. आणि या वेळी बांबू तुझा आहे, विसरू नकोस."

ताई एक पाऊल मागे सरकली. धावली. मी धावपट्टीच्या टोकाच्या खड्ड्यात टेकलो, कमरेत वाकलो, इतका वाकलो की कारखान्यातला तो जाड्या घाबरला असता. आणि मग सरळ झालो. ताई वर गेली, बारच्या पलीकडे वळली. जाता जाता तिचा सदरा बारला घासला. बार हलला. डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. मी त्याला दम भरला, "पडलास तर याद राख!" तो थांबला.

पुढची उंची काही जमली नाही. ताई शेवटून तिसरी आली. पण नावापुढे आकडा आला, रेघ नाही. साहेब रडत होते आणि डोळे पुसायला खिशातून काय काढावं? जाऊ द्या. पैलवान दुसऱ्या दिवशी सातवा आला आणि म्हणाला, चिमणीपेक्षा बारबेल हलका लागला.

आता मला बारीक तडा गेलाय, म्हणून उड्या बंद. शेडमध्ये हल्ली नव्या मुली येतात, नवे बांबू आहेत, गादी मात्र आईनं शिवलेलीच. मी ताईच्या घरी ओसरीत खुंट्यांवर आडवा असतो. तिच्या सासूबाई म्हणतात, घरात एवढी लांब वस्तू नि काही उपयोग नको? म्हणून त्या माझ्यावर टॉवेल वाळत घालतात. माझी तक्रार नाही. विनंती एकच: ओली रजई नको, कंबर धरते.

आता एक कबुली, कारण सुरुवातीला शपथ घेतलीय. झेंडा खरा, चिमणी खरी, कात्रीही खरी. बार हलला, तेवढं मी रचलं. मी काही पाहिलंच नाही हो. वर गेल्यावर ताई मला मागे ढकलते आणि मी उलटा पडायला लागतो. तिची झेप कशी होती ते बांबूला कधीच दिसत नाही. मी पाठीवर पडलो, वर नुसतं आकाश होतं. मग मैदान गर्जलं, तेव्हा मला कळलं.