एल्युनेडचा पांढरा गोटा

मी दगडांची एक जुनी रास आहे, मित्रांनो. वेल्समधल्या एका खडकाळ सुळक्यावरून उतरायची वाट जिथे सुरू होते, तिथे मी बसले आहे. हातापायांनी कातळ चढून आलेल्यांना धुक्यात खाली जायची वाट दाखवायची, एवढंच माझं काम. खालच्या खेड्यातली माणसं ओढ्यातला एक गोटा खिशातून आणतात आणि माझ्यावर ठेवतात, म्हणून मी सगळी गोल गोट्यांची. माथ्यावरचा पांढरा गोटा एल्युनेडने ठेवला होता. ती आता नाही.

परवा काही हौशी पाहुणे आले. फोटोसाठी त्यांनी पलीकडे कड्याच्या काठाशी टोकदार दगडांचा देखणा मनोरा रचला आणि निघून गेले. माझा नुसता तिळपापड झाला, पण मला विचारतो कोण?

मग एल्युनेडचा नवरा ग्विलिम आणि मुलगी नेरिस वर आले. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेले, तरी शेवटचं एकदा जायचंच म्हणून हट्टाला पेटलेला. परतताना धुकं असं दाटलं, की स्वतःचा हात दिसेना. चाचपडत दोघं त्या मनोऱ्यापाशी पोचले. ग्विलिम म्हणाला, आली बघ आपली रास, सुटलो. तुझी आई असती तर एव्हाना घरी चहा पिऊन झाला असता. त्याच्या पुढे पाऊलभर ओला कातळ होता आणि त्यापुढे काहीच नव्हतं. मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, पण मला तोंड कुठे आहे?

नेरिस रीतीप्रमाणे खिशातला गोटा ठेवायला वाकली. तिचा हात मनोऱ्यावरून फिरला आणि थांबला.

"बाबा, हलू नका. आईचा गोटा नाही इथे."

"पडला असेल गं. चल."

"सगळे दगड टोकदार आहेत. ही आपली रास नव्हे. खाली बसा म्हणते ना."

जन्मात कुणाचं न ऐकलेला तो माणूस मुकाट्याने बसला. मग दोघं रांगत, कातळ चाचपत मागे सरकले. पायाखालचा एक दगड सुटला. तो खाली आपटल्याचा आवाज फार उशिरा आला. माझा जीव टांगणीला लागला होता. अखेर ग्विलिमची बोटं माझ्या माथ्यावर टेकली.

"आलो गं," तो पांढऱ्या गोट्याला म्हणाला. "पोरीने आणलं."

धुकं विरल्यावर नेरिसने तो मनोरा पाडून टाकला आणि खिशातला गोटा माझ्यावर ठेवला.

मित्रांनो, डोंगरावर हौसेखातर दगड रचू नका. त्यांच्या भरवशावर कुणीतरी पाऊल टाकत असतं. माझ्यापर्यंत आलात तर एक गोटा जरूर ठेवा. तो पांढरा तेवढा हलवू नका.