चार नंबरची लाइन

पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत दोघी सख्ख्या बहिणी कामाला होत्या, म्हणून सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली एकोणीस वर्षं फोनपाशी बसत होती. आठ पंपघरांतून तासातासाला फोन येई, तिथला ऑपरेटर टाकीतली पातळी सांगे आणि ती वहीत उतरवून घेई. कुणाचा पंप कुरकुरतोय, हे तिला रिसीव्हर कानाला लावताच कळायचं. धाकटी वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर विभागात. तिला इथे चिकटवलं होतं तेही थोरलीनेच, साहेबांचं डोकं खाऊन.

आता पंपघरांत कॉम्प्युटर बसले होते. ते स्वतःच फोन लावून पातळी कळवणार होते. त्यांचे फोन घ्यायला कचेरीत टर्मिनल सर्व्हर आला, म्हणजे सोळा तोंडांची एक चपटी पेटी आणि तिला जोडायचे आठ मॉडेम, फोनवरून आलेला आवाज कॉम्प्युटरला कळेल असा करणारे. हे काम साहेबांनी धाकटीच्या गळ्यात घातलं. ताईला सांगायचं कसं, याचा विचार तिने पहिल्या आठवड्यात केला. मग तोही सुटला. एका घरात राहून तिने हूं की चूं केलं नाही.

शुक्रवारी टेलिफोनवाल्याने थोरलीच्या टेबलावरच्या आठही लाइनी काढून वरच्या खोलीत नेल्या. थोरलीने त्याला चहा पाजला म्हणे.

धाकटीने एकेका तोंडाचा वेग ठरवला. पहिल्या रिंगला फोन उचलायचा, नाव आणि पासवर्ड विचारायचा, दहा मिनिटं कुणी गप्प राहिलं तर बाहेर काढायचं. हात सराईतपणे चालत होते. मनात म्हणाल तर काहीच नव्हतं.

चाचणीला दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कुणीतरी फोन लावायला हवा होता. अख्ख्या कचेरीत त्या दिवशी रिकामं माणूस एकच होतं. निरोप गेला तशी थोरली वर आली, पदर खोचून खुर्चीत बसली. नंबर सांगावे लागले नाहीत, एकोणीस वर्षं तिचेच होते ते. मॉडेम किंचाळला की ती मान जरा बाजूला करी. पडद्यावर नाव विचारलं की टाइप करी, आत गेली की फोन तोडी, मग पुन्हा लावी. तीन लाइनी बिनबोभाट पार पडल्या.

"चार नंबरने दुसऱ्यांदा मला नावच विचारलं नाही," थोरली म्हणाली. "सरळ आत घेतलं."

धाकटीने पाहिलं. पेटीच्या लेखी थोरली पहिल्या खेपेपासून आतच बसलेली होती.

"केबलमध्ये एक तार कमी आहे, ताई. तू फोन ठेवलास हे मॉडेमला कळलं, पण त्याने पेटीला सांगितलं नाही."

थोरलीने फोन तोडला.

"माझ्या लाइनी जाणार हे मला दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं," ती म्हणाली. "साहेबांचा शिपाई बोलला. तू सांगशील म्हणून थांबले."

"जमलं नाही मला."

"हं. पाच लावू का?"

"लाव."

पाच ते आठ ठीक निघाल्या. धाकटीने चार नंबरची केबल उघडली आणि राहिलेली तार कथिलाचा डाग देऊन जोडली. पुन्हा लावल्यावर चार नंबरने मुकाट्याने नाव विचारलं. थोरली उठली, आणखी काही आहे का म्हणाली आणि नाही म्हटल्यावर जिना उतरून गेली. आपल्याला रडू येईल असं धाकटीला वाटलं होतं. ती वाट पाहत बसली, मग वायरींवर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवू लागली.

सोमवारी आठ पंपघरांनी आपणहून फोन लावले आणि पातळ्या पडद्यावर ओळीने उमटल्या. साहेबांनी चारचौघांत धाकटीची पाठ थोपटली. थोरलीला खाली तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. नळाला पाणी नाही म्हणून तणतणत आलेल्यांचं ती तिथे ऐकून घेई. खिडकी लवकर उघडायची, म्हणून ती धाकटी उठायच्या आत घर सोडू लागली.

संध्याकाळी मात्र दोघी समोरासमोर बसून जेवत. एकदा थोरली म्हणाली, "आज एक बाई येऊन नुसतीच बसून गेली. तक्रार काहीच नव्हती तिची."

"मग?" धाकटीने विचारलं.

"मग काय, बसू दिलं."

धाकटीने मान हलवली आणि ताटं उचलली.