ऑगस्टमधले शनिवार

त्या ऑगस्टमध्ये लमारनं मुख्य शर्यत जिंकली आणि तो गाडीतून उतरलाच नाही. लोक टाळ्या वाजवत होते, पण ड्रायव्हर आतून सोडतो ती खिडकीची जाळी काही खाली येईना. दोघांनी ओढून बाहेर काढला तेव्हा त्याच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता, कातडी तव्यासारखी तापलेली. मला बघून म्हणाला, "ममा, पाणी." मी त्याची आई नाही, थोरली बहीण.

दक्षिण अलाबामातला हा डांबरी ट्रॅक आमच्या डॅडींनी बांधला. आता तो मी चालवते. मोसमाच्या तारखाही मीच काढते. त्या रात्री दवाखान्यात सलाइन लावलेल्या हाताने माझं मनगट धरून लमार म्हणाला होता, "ट्वायला, ऑगस्टमध्ये रेस नको गं ठेवूस."

जानेवारीत सगळ्या ड्रायव्हरांना जेवायला बोलावलं आणि सांगितलं, जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत ट्रॅक बंद. त्या शर्यती ऑक्टोबरात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा हार्लन ताटातली हाडं बाजूला सारत म्हणाला, "मिस ट्वायला, ऑक्टोबरात शनिवारी कॉलेजचा फुटबॉल असतो."

झालं. आमच्याकडे फुटबॉलच्या शनिवारी लोक लग्नसुद्धा काढत नाहीत.

"मग शुक्रवारी घेऊ."

"शुक्रवारी शाळेची मॅच. माझा नातू खेळतो. आणि ॲम्ब्युलन्स तिकडेच उभी असते."

"रविवारी?"

"पाद्रीबाबांना तुम्ही सांगा, मी नाही सांगणार."

हशा पिकला. मी नाही हसले. वसंतात वादळं, उन्हाळ्यात आग, पानगळीत फुटबॉल. ऊन उतरल्यावर उशिरा सुरू करावं, तर दहानंतर इंजिनं बंद करायचा काउंटीचा नियम. कुठूनही जा, भिंत. शेवटी चिडून म्हणाले, "शनिवारच. ज्यांना यायचं त्यांनी यावं."

ऑगस्ट आला. एका शनिवारी संध्याकाळी मी पीच भरून भाजलेला गोड 'पाय' थाळीत घेऊन लमारकडे गेले. त्याची बायको रॅनेल दारात आली, पण मला आत घेईना. तिच्या खांद्यावरून बघितलं, तर गॅरेज रिकामं.

"कुठंय?"

"मला विचारू नका. मी सांगून थकले. फ्लोरिडात गेलाय रेसला, सीमेपलीकडच्या ट्रॅकवर."

थाळी तिच्या हातात कोंबली आणि तशीच निघाले. सीमा ओलांडून ट्रॅकवर पोचले तेव्हा सूर्य बुडाला होता, तरी डांबरातून वाफा निघत होत्या. लमार ट्रेलरच्या आडोशाला बसला होता, शर्टात बर्फाची पिशवी खुपसून.

"अरे, लाज वाटते का तुला? तुझ्यासाठी ट्रॅक बंद ठेवला मी!"

"मी कुठं सांगितलं बंद ठेव म्हणून?"

"दवाखान्यात सांगितलंस. माझा हात धरून!"

"दवाखान्यात माणूस काहीही बोलतो. आणि तू बंद ठेवलास म्हणूनच एवढ्या लांब यावं लागलं. आपले निम्मे लोक इथंच आहेत, बघ."

बघितलं. हार्लनने माझ्याकडे बघून टोपी डोळ्यांवर ओढली.

मी कुंपणाशी उभी राहून अख्खी शर्यत बघितली, दात आवळून. लमार आठवा आला. गाडीतून उतरून चाकाशी ओकला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी आपल्याकडेच ठेव ना. ओकायला घर तरी जवळ."

मी गाडीत जाऊन बसले. इतकी चिडले होते की चावी लागेना.

ऑक्टोबरात आमच्याकडे प्रेक्षकांच्या निम्म्या पायऱ्या रिकाम्या होत्या. जे आले, तेही कानाला रेडिओ लावून मॅच ऐकत होते.

पुढल्या मोसमात मी ऑगस्टचे शनिवार परत घातले, पण मुख्य शर्यत मधोमध तोडली. निम्म्या फेऱ्या झाल्या की सगळ्यांनी गाडीतून उतरायचं, पाणी प्यायचं, नर्सला तोंड दाखवायचं. ती हो म्हणेल तोच परत बसेल. पहिल्याच शनिवारी लमार सगळ्यांच्या पुढे होता. मध्यंतरात नर्सनं त्याला बसवून ठेवला. मान छातीवर लटकत होती, तरी तो ओरडत होता, "मी ठणठणीत आहे! ट्वायला, हिला सांग!"

"तिचंच ऐकायचं."

"सख्खी बहीण तू!"

त्याची गाडी तशीच उभी राहिली आणि शर्यत दुसऱ्यानं जिंकली. लमार माझ्याशी अजून बोलत नाही; काही हवं असलं की रॅनेलला पाठवतो. बाकीचे म्हणतात, मध्यंतरानं पाय आखडतात, टायर गार होतात, मजा जाते. मागल्या आठवड्यात हार्लननं तर नवीनच काढलं. "मिस ट्वायला, जूनसुद्धा हल्ली फार तापतो हो. काहीतरी करा."