एका मिनिटाने हुकलेलं सलाईन

त्या काळी फायली कागदाच्या होत्या आणि कोडची पुस्तकं उशीएवढी जाड. रुग्णालयाच्या तळघरात आम्ही चौघीजणी बसायचो. डॉक्टर-सिस्टरांनी वर जे जे केलं, त्याचा आकडा पुस्तकातून हुडकायचा आणि फाईलवर चढवायचा. मग फाईल विमा कंपनीकडे जायची आणि आकड्यांप्रमाणे रुग्णालयाला पैसे मिळायचे. मी नवीन होते, तीन महिन्यांच्या बोलीवर.

बाकी सगळं जमलं, पण सलाईनने माझा पिच्छा पुरवला. अंगातलं पाणी कमी झालं म्हणून लावलेलं सलाईन निदान एकतीस मिनिटं चालायला हवं. तीस मिनिटं चाललं तर त्याला आकडा नाही, जणू लावलंच नव्हतं. शिवाय लावल्याची आणि काढल्याची, दोन्ही वेळा लिहिलेल्या हव्यात. माझ्या वाट्याच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर लावल्याची वेळ मोत्यांसारख्या अक्षरात लिहायच्या आणि काढल्याच्या रकान्यात लिहायच्या, "संपलं".

विचारायला गेलं की म्हणायच्या, "अगं, बाटली रिकामी झाली म्हणजे संपलं. त्यात घड्याळ काय बघायचं?"

आमच्या साहेबांना माघारी सगळे काटा म्हणायचे. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. "बाई, आणखी एक सलाईन बिनआकड्याचं आलं, तर दुसरीकडे काम बघा."

त्याच आठवड्यात सासूबाईंना जुलाब-उलट्या झाल्या आणि आमच्याच रुग्णालयात आणावं लागलं. फाईल माझ्याच टेबलावर येणार होती. मी जेवणाच्या सुट्टीत वॉर्ड गाठला. थोरल्या सिस्टरांनी एक वाजून दहा मिनिटांनी सलाईन सुरू केलं. मी सासूबाईंचा हात धरून बसले, नजर मनगटावरच्या घड्याळावर.

"एवढी घाई असेल तर जा बाई तू," सासूबाई म्हणाल्या.

"घाई कसली, आई? सावकाश होऊ द्या."

"हात गारठला माझा. किती राहिलं?"

"वीस मिनिटं."

"बाटलीकडे न बघता सांगतेस?"

पंचविसाव्या मिनिटाला त्यांना बाथरूमला जायचं झालं. सलाईनच्या स्टँडचं एक चाक मोडलेलं, तो जागचा हलेना.

"सहा मिनिटं कळ काढा, आई."

"तुझ्या नवऱ्याच्या वेळीसुद्धा मला कोणी इतकी कळ काढायला लावली नाही."

तरी थांबल्या बिचाऱ्या. तिसाव्या मिनिटाला मात्र उठून बसल्या. "सून आहेस का जेलर? सिस्टर, काढा हे."

बाटलीत तळाशी थोडंच उरलं होतं. सिस्टरांनी सुई काढली, फाईल उघडली आणि माझा उतरलेला चेहरा पाहून हळूच म्हणाल्या, "तू म्हणशील ती वेळ लिहिते. एक एक्केचाळीस?"

मी मान हलवणार, तोच बाथरूमच्या दारातून आवाज आला. "चाळीस. भिंतीवरच्या घड्याळात मी एकेक मिनिट मोजलंय."

सिस्टरांनी मोत्यांसारख्या अक्षरात चाळीस लिहिलं.

नोकरी गेलीच असं धरून मी टेबलाचा खण आवरला आणि फाईल स्वतःच काटासाहेबांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"तीस मिनिटं. म्हणजे आकडा नाही."

"नाही, साहेब."

"कोण या बाई?"

"माझ्या सासूबाई."

ते उठले आणि त्यांनी कपाटातून फायलींचा गठ्ठा काढून टेबलावर आपटला. "ही बाकीच्या वॉर्डांची सलाईनं. म्हातारा असो, तरणा असो, बाटली लहान असो, मोठी असो, सगळी बरोबर एकतीस मिनिटांत संपलीत. विमा कंपनीचा माणूस काल फोनवर पोट धरून हसत होता." त्यांनी माझ्या फाईलवर सही केली. "वर्षभरात मला पटलेली ही पहिली वेळ. तुमची नोकरी कायम."

मी दारापर्यंत पोचले, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"सासूबाईंना विचारा, वॉर्डात रोज दोन तास बसतील का."

मी विचारलं नाही. त्या हो म्हणाल्या असत्या.