नुसतं जायचं तिकीट

"सर, आपल्या ह्या द्वीपकल्पात वरून पार खालपर्यंत सगळ्यात स्वस्तात कसं जायचं? नुसतं जायचं. यायचं नाही."

मंजुळानं हे दहावीच्या भर वर्गात उभं राहून विचारलं. मग मुलांच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "मराले चालली काय वो?" आणि असा हशा पिकला की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले.

पैज शेजारी बसणाऱ्या चांगुणानं लावली होती. देऊळगाव राजाच्या त्या शाळेत मुली मुळात दोन बाकांपुरत्या, आणि त्या वर्गात तोंड उघडत ते फक्त हजेरीला. "घरी लय बोलती ना तू," चांगुणा म्हणाली होती, "तं वामनराव सरांले इचारून दाखव. नाही इचारलं तं माह्या डब्यातली जवसाची चटणी विसर." मंजुळा चटणीसाठी उठली, हे खरं. पण प्रश्न मात्र गमतीचा नव्हता. तो पोळ्यापासून तिच्या घरात चुलीजवळ, गोठ्यात, जेवताना, सगळीकडे बसून होता.

तिची थोरली बहीण शालू मदुराईला होती. शालूचे यजमान शंकरराव खामगावच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे कामाला. व्यापाऱ्यानं त्यांना तिकडच्या गिरणीत माल दाखवायला, पारखायला म्हणून ठेवलं, आणि लग्नाला वर्ष होत नाही तोच शालू भाषा न कळणाऱ्या मुलखात जाऊन पडली. आता तिला सहावा संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यासाठी सातव्यात कुणीतरी मुराळी जाऊन तिला घेऊन यायला हवं, कारण आठव्यात बाईनं वेस ओलांडायची नाही. शंकररावांचं कार्ड आलं होतं: 'कापसाचा हंगाम आहे, रजा नाही. मुराळी पाठवा. येतानाची तिकिटं मी काढतो.' खाली शालूनं स्वतःच्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं, 'माय, लवकर पाठव कोणाले तरी. इथं मी दिवसभर कोणाशी बोलत नाही.'

मुराळी म्हणजे भाऊ. ह्या दोघींना भाऊ नव्हता.

वामनराव सरांनी हशा ओसरू दिला. सर पाच वर्गांना भूगोल शिकवत आणि शेवटच्या तासाला आवाज बसलेला असे. "द्वीपकल्प शिकवून मला इतकी वर्षं झाली," ते म्हणाले, "त्यावरून खाली कसं उतरायचं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. कुठं जायचंय?"

"मदुराईला. ताईला आणायला. येतानाचं भाऊजी बघणार आहेत."

मग सरांनी फळ्यावरचा नकाशा पुसला नाही. त्याच्यावरच खडूनं रेघ ओढली. एस.टी.नं जाता येईल, पण तुकड्यातुकड्यानं. दर हद्दीला उतरा, नवी गाडी शोधा, अंगाचा भुगा. कापसाचे ट्रक खाली जातात, ते जवळजवळ फुकटात नेतील, पण तिकडून येणाऱ्या पोटुशीला आणायला जाणाऱ्या माणसानं तसं जाऊ नये, निम्म्यात तोच आजारी पडायचा. "स्वस्त आणि शहाणा रस्ता एकच. जालन्याची छोटी लाईन. गाड्या बदलाव्या लागतील, पण रुळाची रुंदी पार खालपर्यंत हीच. तिसरा वर्ग, पॅसेंजर. आणि तिकीट जालन्यातच थेट मदुराईचं काढायचं. लोक काय करतात, सिकंदराबादपर्यंत काढू, पुढचं पुढं बघू म्हणतात. तिथं फसतात. तिकीट जितकं लांबचं तितका मैलामागं दर कमी. वाटेत दमलात तर उतरा, स्टेशनमास्तरची सही घ्या, मुसाफिरखान्यात पाठ टेका, दुसऱ्या दिवशी त्याच तिकिटावर पुढं."

मंजुळाला वाटलं, आपण आत्ताच जाऊन पोचलोसुद्धा. घरापर्यंतचा गाडीरस्ता ती जवळजवळ पळतच आली.

घरी मात्र कुणी पळण्याच्या अवस्थेत नव्हतं. माय वेचणीवरून आली होती आणि ओट्यावर पाय पसरून बसली होती. बोंडांच्या काट्यांनी बोटं चिरलेली, पदरात अजून कापसाचे धागे. बाबा, म्हणजे उत्तमराव, खाटेवर आडवे. कारभारीदादा नुकताच येऊन गेला होता. बाबांचा हा पुतण्या पोळ्याला जाईन म्हणाला होता, दसऱ्याला बघतो म्हणाला, आणि आज त्यानं साफ नाही सांगितलं.

"म्हणते काय तो?" मंजुळानं विचारलं.

"म्हणते मदुराई म्हंजे लंकेच्या शेजारी," माय म्हणाली. "म्हणते तिथून मानूस वापस येते का? त्याच्या बायकोनं भरवलं सगळं. मी तं आता बोलायचीबी थकली, बाई."

"मग बाबा जातील."

"माह्या पाठीत जीव हाये का, पोरी?" बाबा भिंतीकडं तोंड करून म्हणाले. "बसल्या जागी हालत नाही मी."

मंजुळा मायच्या पदरातले धागे वेचायला बसली. पण परवाच त्याच पाठीवर बाबांनी कापसाची दोन बोचकी शेतातून गाडीपर्यंत नेलेली तिनं पाहिली होती. नेताना गड्यावर ओरडतही होते.

सरांनी सांगितलेलं तिनं सगळं सांगितलं. बाबा उठून बसले. रविवारी जालन्याला जाऊन निदान भाव तरी विचारून येऊ, म्हणाले. भाव कळला म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी गळ घालता येईल. "तूबी चाल. मास्तर काय बोलला ते तुलेच ठावं."

रविवारची एस.टी. खच्चून भरलेली. बाबा दांडीला धरून उभे, मंजुळा कुणाच्या तरी गाठोड्यावर टेकलेली. खिडकीतून धूळ येई, बंद केली की जीव घाबरे. जालना येईपर्यंत दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. स्टेशनावर बाबांनी पाट्यांकडं पाहिलं आणि डोळ्यावर हात धरला. "ऊन लय हाये वं. काय लिवलं वाच बरं." पाटी सावलीत होती.

तिकिटाच्या खिडकीपुढं रांग. बाबांचा नंबर आला की ते मागच्याला म्हणत, "तुमचं होऊ द्या आधी." असं त्यांनी तीनदा केलं. बांधावर उभं राहून अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं बोलणारे बाबा इथं अंग चोरून उभे होते. शेवटी मागं कुणीच उरलं नाही.

"साहेब," बाबा म्हणाले, "मदुराईले जाऊन येतो म्हणतो."

आतला माणूस दमलेला होता. "आना-जाना दोनों? कितने आदमी?"

"एक. जाऊन यायाचं."

त्यानं पुस्तक चाळलं आणि असा आकडा सांगितला की बाबांचा हात कोपरीच्या खिशावरून खाली आला. पहिल्या वेचणीचा कापूस विकून आले होते तेवढे सगळे पैसे होते ते. "इतके नाही लागत," बाबा पुटपुटले. "यायाचे आमचे जावई देतात. आमी आपलं... जाऊन येतो."

"अरे बाबा, वही तो बोला मैंने! आना-जाना का इतना होता है।"

"नाही, तसं नाही. म्हंजे... जाऊन येतो."

मंजुळाला कळलं. बाबांना 'जातो' म्हणताच येत नव्हतं. घरातून शेतावर निघताना 'येतो', बाजाराला निघताना 'येतो', तालुक्याला 'जाऊन येतो'. माणसानं नुसतं 'जातो' म्हणायचं ते कायमचं जातानाच. आणि तसं बोलून बसले असते तर तो अपशकुन कुणाच्या वाटेला आला असता? पोटुशा लेकीला आणायला जाणाऱ्याच्या. बाबा खिडकीला धरून उभे होते, आणि तोंडातून काही केल्या तो एक शब्द निघत नव्हता.

ती पुढं झाली. "साहेब, सिर्फ जाना. आना नहीं. थर्ड क्लास, पॅसेंजर, इथून थेट मदुराई."

रांगेत नव्यानं येऊन उभी राहिलेली एक म्हातारी दचकली. "शुभ बोल वं माय!"

"शुभच बोलून राह्यली, आजी. येतानाचं तिकीट तिकडून निघते."

आतल्या माणसानं मान वर केली. मग त्यानं सावकाश सांगितलं. आकडा निम्म्यावर आला. कुठं कुठं गाडी बदलायची तेही त्यानं सांगितलं, आणि मंजुळानं दोनदा म्हणून घोकून घेतलं. बाबा तिच्या मागं उभे होते. 

परतीची एस.टी. उशिरा होती. दोघं स्टँडावरच्या बाकावर बसले. बाबांनी चहा घेतला आणि तो हातातच धरून ठेवला.

"गुंटकल म्हणला ना तो?" बाबा म्हणाले. "तिथं गाडी बदलाची. मग ती रांग, मग ती पाटी. आन् कोणाले इचारू? इथं आपल्या जालन्यात मले बोलता नाही आलं, तिथं तं म्हणतात हिंदीबी नाही." त्यांनी चहाकडं पाहिलं. "पाठीचं काय, पाठ हाये आपली बरी."

 बाबांना असं बोलताना मंजुळानं कधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकावं असंही तिला वाटलं नाही. "चहा थंडा होऊन राह्यला, बाबा," एवढंच ती म्हणाली.

गाडीत बसायला जागा मिळाली. बाबा खिडकीला डोकं टेकून झोपले. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला त्यांचं डोकं आपटे आणि तरी ते जागे होत नव्हते. मंजुळा जागीच होती. शालूताई दिवसभर कोणाशी बोलत नाही, हे तिच्या मनातून हलत नव्हतं. लग्नाआधी ताई झोपेतसुद्धा बोलायची. आणि आता सातवा लागेल, आठवा लागेल, आणि मुराळी कोण ह्यावर इकडं सगळे थकून बसलेले.

घरी माय भाकरी थापत होती. "काय झालं?" तिनं मागं न बघता विचारलं. उत्तर नकोच असल्यासारखं विचारलं.

"भाव कळला," बाबा म्हणाले आणि खाटेवर बसले. "आता शेजारच्या निवृत्तीच्या पोराले इचारून पाहू. नाही तं मग..."  माय थापता थापता थांबली. चुलीवरची भाकरी करपायला लागली, तेव्हा तिनं ती उलटवली.

मंजुळानं हातपाय धुतले, शनिवारपासून पडलेलं दप्तर खुंटीला नीट अडकवलं आणि दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"कोणालेच इचारू नका आता. मी ठरवलं हाये. मुराळी बाबाच जातील, पाठ बरी हाये त्यांची, अन् बाबांसंगं मी जाणार. खिडकीवर मी बोलीन, पाट्या मी वाचीन, बाबा सामान धरतील अन् ताईले हाताले धरून आणतील. एका माणसाच्या जाण्यायेण्याला जेवढे लागतात तेवढ्यात दोन माणसं नुसती जातात, मी हिशेब केला. येतानाचं तिघांचं भाऊजी काढतील. बायको त्यांची हाये. सहामाही परीक्षा बुडते, तं बुडू द्या. सरांले मी उद्या सकाळी सांगते, अन् माय, तू परवापर्यंत दशम्या करून ठेव."