पाण्यासाठी दिलेली किल्ली

मित्रांनो, मी एक जुना पितळी ताला आहे. तुमच्या पुस्तकात मला कुलूप म्हणतात, पण आमच्या दिग्रसात सगळे तालाच म्हणतात. एका गल्लीतल्या निळ्या दाराच्या कडीत मी लटकलेलो आहे. आत एक खोली आणि छोटे स्वयंपाकघर आहे. मी बंद आहे, आणि ते माझ्या मनाविरुद्ध आहे.

माझा जन्म फार दूर, अलीगढकडे झाला. एका कारागिराने कानशीने माझे पोट घासले, आत सहा पाती बसवली आणि मला दोन किल्ल्या दिल्या. पुढे मी दिग्रसच्या आठवडी बाजारात आलो. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या भीमराजने मला हातात तोलून पाहिले. तो बायकोला, इंदूबाईला म्हणाला, "घे, हा आपल्यापेक्षा जास्त जगते." त्याचे म्हणणे खरे ठरले. तो गेला, मी राहिलो. माझी एक किल्ली त्यांच्या मुलीने, प्रियंकाने, लहानपणी खेळता खेळता विहिरीत टाकली. दुसरी इंदूबाईच्या कमरेला राहिली.

ही खोली पलीकडच्या घरात राहणाऱ्या वामनरावांची. अकरा वर्षांपूर्वी इंदूबाई इथे भाड्याने आली, तेव्हा तिने विचारले होते, "कागद करा लागते का जी?"

वामनराव हसले होते. "आपल्यात कागद कायले? मी का घर घेऊन पळून चाललो?"

इंदूबाईलाही ते बरे वाटले. तिने भाडे कधी चुकवले नाही. भिंतीला पोपडे आले तर स्वतः चुना लावला. खिळा ठोकायचा असला तरी आधी विचारायची. सणावाराला ती खोबरेल तेलाचा थेंब माझ्या पोटात सोडायची. "म्हातारा झाला, पण इमानी हाय," असे समोरच्या बिजलीबाईला सांगायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

आमच्या गल्लीत दर पाचव्या दिवशी नळ येतो. म्हणून कोणी गावाला गेले की किल्ली शेजारी किंवा घरमालकाकडे ठेवते. ज्याच्याकडे किल्ली, त्याने पाणी भरायचे. ही इथली जुनी रीत आहे. यंदा प्रियंकाचे पहिले बाळंतपण होते. तिला मारेगावहून आणायला इंदूबाई निघाली. तिने बाज विणून घेतली, पाळणा टांगला आणि मला लावले. मग दारातच वामनरावांच्या पत्नीच्या, रत्नप्रभाबाईंच्या हातात किल्ली दिली.

"बाई, मी प्रियंकाले आणाले जाऊन राह्यले. आठ दिवस लागतीन. नळ आला का माह्या ड्रम भरून ठेवजा. बाळंतिणीले पाणी लय लागते."

"अहो, हे सांगायला हवं का? बिनघोर जा. नातू झाला तर पहिला पेढा माझा."

"अन् नातीन झाली तं?"

"मग दोन!"

दोघी हसल्या. मित्रांनो, हे बोलणे ऐकणारा तिसरा फक्त मी होतो.

नवव्या दिवशी दुपारी इंदूबाई आली. मागे अवघडलेली प्रियंका होती. किल्ली मागितली, तेव्हा वामनराव ओट्यावर आले. त्यांच्या मुलाला, पियुषला, मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढायचे होते आणि गल्लीच्या तोंडाशी हीच खोली होती.

"किल्ली तुम्हीच हाती दिली," ते म्हणाले. "किल्ली दिली म्हणजे खोली सोडली. आता सामान तेवढं घेऊन जा."

"पाणी भराले देल्ली ना जी किल्ली! खोली सोडणारं माणूस पाळणा टांगून जाते का?"

वामनराव आत निघून गेले. इंदूबाईने मला मुठीत धरून ओढले. तिचा हात मी ओळखला. मला वाटले, एकदा तरी किल्लीवाचून उघडावे. पण मी ताला आहे. मला चांगल्या-वाईटाची निवड करता येत नाही. प्रियंका पायरीवर बसली आणि पोटावर हात ठेवून रडली. बिजलीबाईने दोघींना आपल्या घरी नेले.

काही दिवसांनी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या वकील अनघाताई खोली पाहायला आल्या. बिजलीबाई म्हणाली, "मी दगड आणतो, फोडू हा ताला!"

"फोडू नका," अनघाताई म्हणाल्या. "करार लिहून नोंदवणं हे घरमालकाचं काम होतं. कागद नाही म्हणून तुमचा हक्क बुडत नाही. त्यांना खोलीची खरीच गरज असेल, तर त्यांनाही कोर्टाची वाट मोकळी आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय असं अडवता येत नाही. पण किल्ली देताना काय ठरलं, ते कोणी ऐकलं?"

"रत्नप्रभाबाईनं," इंदूबाई म्हणाली. "अन् या ताल्यानं."

रत्नप्रभाबाई आपल्या दारात वामनरावांजवळ उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. "मला काही आठवत नाही," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करू लागल्या.

अनघाताईंनी इंदूबाईच्या वतीने कोर्टात दावा लावला. आता तारखा चालू आहेत. प्रियंकाला मुलगी झाली. बिजलीबाईच्या घरातून तिचे रडणे मला ऐकू येते. आत तिचा पाळणा रिकामा आहे. वारा-धुळीने माझे पोट करकरते. तेल घालणारा हात समोरच्या घरात आहे, पण तो इथवर येत नाही.

काल नळ आला. वामनराव बाहेर गेले होते. रत्नप्रभाबाई हळूच आल्या, किल्ली लावली आणि मला उघडले. त्यांनी शिळे पाणी ओतून दिले, ड्रम घासला आणि काठोकाठ भरला. पाळण्याला धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. समोर बाळ रडू लागले, तशा त्या दचकल्या. बाहेर येऊन त्यांनी मला पुन्हा लावले.

त्यांना सगळे आठवते, मित्रांनो. किल्ली कशासाठी दिली होती ते आठवत नसते, तर त्यांनी ड्रम भरला नसता.

पुढच्या तारखेला त्यांना विचारतील. त्या काय बोलतील, मला ठाऊक नाही. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. घर देताना आणि घेताना दोन ओळी लिहून ठेवा. लिहिले नसेल, तर जे कानांनी ऐकले ते तोंडाने सांगा. मी सगळे ऐकले आहे, पण मला तोंड नाही. मला फक्त किल्लीचे भोक आहे, आणि किल्ली रत्नप्रभाबाईंच्या कमरेला आहे.