योर्नला परत आणा

रायगर्सच्या मॅनेजमेंटला अक्कल नाही, हे माझं मत एप्रिलपासूनचं आहे आणि त्यातला बराचसा भाग अजून कायम आहे.

रायगर्स हा हॉलंडमधल्या आमच्या नीउ-व्हेनेप गावाचा बेसबॉल क्लब. जूनअखेर सलग अकरा सामने हरलेला. हरण्याबद्दल माझी तक्रार नाही, माणूस हरतो. राग होता तो हरण्याच्या पद्धतीचा. आमचा पिचर योर्न, म्हणजे आपल्या भाषेत बोलर, सामन्यातल्या नऊपैकी पहिल्या चार इनिंग्ज असा काही चेंडू टाकतो की समोरचे नुसती हवेत बॅट फिरवून माघारी जातात. पाचवीत त्याचा खांदा दुखायला लागतो, सहावीत ते सगळ्या गावाला कळतं, आणि आमचा कोच रेमको मात्र सातवी संपेपर्यंत सूर्यफुलाच्या बिया चघळत उभा. मग तो योर्नला काढतो, कुठल्या तरी कच्च्या लिंबाला आणतो आणि उरलेल्या दोन इनिंग्जमध्ये आमचं पार पानिपत होतं.

यावरचा उपाय गल्लीत क्रिकेट खेळलेला कोणीही सांगेल. चौथीनंतर योर्नला बाहेर बसवा, खांद्याला आराम द्या, मधल्या इनिंग्ज कच्च्या लिंबांकडून काढा आणि शेवटच्या दोनसाठी योर्नला परत आणा. चांगल्या बोलरला कॅप्टन असाच जपून वापरतो. मी हे सगळं एक्सेलमध्ये मांडलं, आलेख काढले आणि क्लबला नऊ मेल पाठवले. नऊही वेळा एकच उत्तर आलं, ‘आपला मेल मिळाला, आभारी आहोत.’ पालथ्या घड्यावर पाणी.

सामने मी इरावतीच्या शेजारी बसून बघायचो. इरावती माझी मुलगी, पंधरा वर्षांची. ती याच क्लबात सॉफ्टबॉल खेळते आणि रविवारी मोठ्यांच्या सामन्याचं स्कोअरबुक भरते. आठवड्यातले सहा दिवस तिच्या खोलीचं दार बंद असतं आणि जेवताना मी मराठीत काही विचारलं की इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर येतं. रविवारी दुपारी मात्र तीन तास ती माझ्या शेजारी, एकाच बाकावर. सुचित्रा, म्हणजे माझी बायको, आम्हाला थर्मासमध्ये चहा आणि डब्यात चकल्या देते आणि स्वतः घरी शांतता उपभोगते. खरं सांगायचं तर मला बेसबॉल आवडायला लागला तो त्या बाकामुळे.

अकराव्या पराभवानंतर क्लबनं सगळ्या सभासदांची आणि पालकांची सभा बोलावली, गुरुवारी साडेसातला, क्लबच्या कँटीनमध्ये. इथल्या सभेत शेवटचा विषय ठरलेला असतो. हजर असलेल्या प्रत्येकाला विचारतात, तुमचं काही आहे का? बहुतेक जण नाही म्हणतात आणि खिडकीतून आपल्या सायकलकडे बघतात. मी त्या विषयासाठी चार मिनिटांचं डच भाषण पाठ केलं.

“बाबा, प्लीज,” इरावती म्हणाली. “एव्हरीवन नोज मी देअर.”

“अगं, क्लबच्या भल्याचंच बोलणार आहे.”

“इफ यू स्पीक, आय विल सिट विथ द टीम. एव्हरी संडे.”

शहाण्या बापानं तिथंच भाषण फाडून टाकलं असतं. पण तत्त्वाचा प्रश्न आला की मला काही दिसत नाही. सुचित्राला हे लग्नाआधी माहीत असतं तर बरं झालं असतं, असं तीच म्हणते.

सभेला पंचवीसेक माणसं होती, त्यांत रेमको, योर्न आणि मागच्या रांगेत इरावतीही. बाहेर लख्ख ऊन. अध्यक्ष यूप, वय सत्तरच्या पुढं, बाडहूव्हडॉर्प गावाहून सायकलनं येणारा, विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्यात आयुष्य गेलेला. तो हाफ पँटवर बसला होता आणि गुडघ्यांना गवत चिकटलेलं होतं. सभेआधी त्यानंच मैदानाचं गवत कापलं होतं. मी ज्याला तीन महिने मॅनेजमेंट म्हणत होतो ते हे. सेक्रेटरीची जागा फेब्रुवारीपासून रिकामी आहे, मेलना उत्तर आपोआप जातं, हेही त्यानंच सांगितलं आणि कोणाला काम हवंय का, म्हणून सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी सायकलींकडे पाहिलं.

तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी पाळी आली आणि मी उठलो. आकडे सांगितले. आपण दिलेल्या एकाहत्तर रन्सपैकी अठ्ठेचाळीस शेवटच्या तीन इनिंग्जमधल्या आहेत, म्हटल्यावर दोघातिघांनी माना डोलावल्या. मला स्फुरण चढलं. कोच कोणाचं ऐकत नाही, क्लब कोणाला विचारत नाही, असं म्हणून मी हुकमाचा पत्ता टाकला. योर्नला चौथीनंतर बाकावर बसवा आणि आठवीत परत आणा!

रेमकोनं बी थुंकली.

“तसं करता येत नाही,” तो म्हणाला. “बेसबॉलमध्ये बाहेर बसवलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. नियमच आहे.”

मग हसू फुटलं. दुष्टपणानं हसले नाहीत ते, पण पंचवीस माणसांचं हसू ते पंचवीस माणसांचंच. कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. नऊ मेल, आलेख, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी मागं पाहिलं. इरावती उठली होती. ती आता दाराकडे जाणार, आणि माझे रविवार संपले, एवढंच मला कळत होतं.

ती पुढं आली.

“बाकावर बसवला तर परत येता येत नाही,” ती डचमध्ये म्हणाली. “पण मैदानातच ठेवला तर येतो. योर्नला चौथीनंतर फर्स्ट बेसवर उभा करा. तिथं लांब फेकावं लागत नाही, बाकीच्यांनी फेकलेला चेंडू फक्त झेलायचा असतो. आठवीत तो परत पिचिंग करू शकतो. नियमात बसतं. आणि आकडे बरोबर आहेत, मी स्कोअरबुकशी ताडून पाहिले.”

माझं एक्सेल तिनं कधी उघडलं, देव जाणे.

रेमको चघळायचा थांबला. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण योर्नला कॅच घेता येत नाही.”

पुन्हा सगळे हसले, योर्न सगळ्यात मोठ्यानं. या वेळी मीही हसलो. रविवारी करून बघू, असं ठरलं, आणि यूपनं सभा संपवली.

कालव्याच्या कडेनं आम्ही सायकलनं घरी निघालो. छाती अभिमानानं भरून आली होती, तरी जीभ काही गप्प बसेना. मी म्हटलं, “इरा, हा नियम तुला माहीत होता, तर मला आधी सांगायचं नाही का?”

तिनं पाय मारणं थांबवलं नाही. “आय टोल्ड यू, बाबा. इन एप्रिल. ट्वाइस. यू सेड, थांब गं, मी बोलतोय.”

मी म्हणालो होतो. दोन्ही वेळा. क्लब कोणाला विचारत नाही, म्हणून मी चारचौघांत गर्जत होतो, आणि ज्या पोरीला त्या खेळातलं सगळं कळतं तिच्या शेजारी बसून मी तीन महिने तिला तो खेळ समजावून सांगत होतो. मला फार वाईट वाटलं. सॉरी म्हटलं. ती “ओके” म्हणाली. तेही एका शब्दाचंच उत्तर, पण ते ऐकून बरं वाटलं.

रविवारी मी बाकावर तिच्या आधी जाऊन बसलो. टीम समोर जमली होती. इरावती स्कोअरबुक घेऊन आली, टीमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या शेजारी बसली. मी चकल्यांचा डबा उघडून तिच्यापुढं धरला. पहिली इनिंग सुरू झाली तेव्हा विचारलं, “तो कॅचर, आपल्या विकेटकीपरसारखा मागं बसलेला, सारखा बोटांनी काय खुणावतोय गं?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं सांगायला सुरुवात केली, अर्धं इंग्रजीत, अर्धं डचमध्ये, आणि मला कळेना तेव्हा तोडक्यामोडक्या मराठीत. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. चकल्या संपल्या, चहा गार झाला.

घरी आल्यावर सुचित्रानं विचारलं, “काय मग, जिंकलात का?”

मी इरावतीकडे पाहिलं. स्कोअर मला माहीतच नव्हता.